लाच आणि खाडा : फुले, साधू आणि पवार यांच्या कृतींतील भ्रष्ट सत्तेचे दर्शन

१

राज्यकारभारातील भ्रष्टाचार हा मराठी वाङ्मयाला नवा विषय नाही. परंतु या विषयावरील कृतींची चिकित्सा बहुधा लेखकाच्या सात्त्विक संतापाच्या अंगानेच होत आली आहे. लेखक किती निर्भीड आहे, त्याने कोणावर प्रहार केला आहे, त्याच्या लेखणीला किती धार आहे, यांवरून कृतीचे मोल ठरविण्याचा परिपाठ पडून गेला आहे. ही कसोटी अगदीच टाकाऊ नव्हे. तथापि ती अपुरी आहे. संताप हा लेखकाचा गुण असू शकतो; तो कृतीचा गुण आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. भ्रष्ट सत्तेचा खरा भार ज्या श्रमजीवी माणसाला सोसावा लागतो तो त्या कृतीत कोठे उभा आहे, आणि त्याचे नेमके काय गेले याचा हिशेब तीत आहे की नाही, हा प्रश्न या कसोटीने विचारलाच जात नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न तीन लेखकांच्या कृतींना विचारावयाचा आहे. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३), अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) या दोन कादंबऱ्या, आणि जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या त्या कृती होत. त्यांचे वाङ्मयप्रकार भिन्न आहेत, काळ भिन्न आहेत आणि लेखकांच्या भूमिकाही भिन्न आहेत. मात्र शेतकरी, मंत्रालय आणि गिरणगाव या तीन ठिकाणांहून एकाच व्यवहाराकडे कसे पाहिले गेले हे त्यांवरून स्पष्ट दिसते. श्रमजीवी माणसाच्या नुकसानीची नोंद जी कृती ठेवते तिलाच उद्वेगाच्या पलीकडे जाता येते. जी केवळ सत्ताधाऱ्याच्या चारित्र्याकडे पाहते ती कितीही निर्भीड असली तरी अखेर उद्वेगापाशीच थांबते, असे या तुलनेतून निष्पन्न होते.

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल. 'भ्रष्टाचार' हा शब्द मुळात आचारातून ढळण्याचा वाचक आहे. 'भ्रष्ट' म्हणजे बाटलेला, हा त्या विशेषणाचा जुना रूढ अर्थ. त्यामुळे या शब्दाने विचार करणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणेच दोषी व्यक्तीच्या आचरणाकडे जाते. तो कोणापुढे ढळला आणि त्याची किंमत कोणी मोजली हे शब्दात येत नाही. 'लाच' या शब्दाचे तसे नाही. लाच द्यावी लागते आणि घ्यावी लागते. त्या शब्दात दोन माणसे आहेत. बोलीतील 'पैसे खाणे' हा प्रयोग आणखी पुढे जातो, कारण जेथे कोणी खातो तेथे कोणाचे तरी ताट रिकामे होते. या शब्दांच्या शेजारी मजुराच्या व्यवहारातील एक शब्द ठेवावयास हवा. तो म्हणजे 'खाडा'. कामावर न गेल्यामुळे बुडालेला दिवस आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी म्हणजे खाडा. कचेरीत एका दाखल्यासाठी चार हेलपाटे घालणाऱ्या मजुराने एक पैसाही लाच दिली नाही, तरी त्याचे चार खाडे झालेले असतात. लाचेची नोंद क्वचित का होईना न्यायालयात होते. खाड्याची नोंद कोठेच होत नाही. ती नोंद ठेवणे हे साहित्याच्या आटोक्यातील काम आहे, आणि म्हणूनच या दोन शब्दांची जोडी येथे कसोटी म्हणून घेतली आहे.

२

'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ पाच प्रकरणांचा आहे. पहिल्या प्रकरणात धर्माच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीचे, दुसऱ्यात सरकारी कचेऱ्यांतील लुबाडणुकीचे, तिसऱ्यात इतिहासाचे, चौथ्यात शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष स्थितीचे विवेचन असून पाचव्यात उपाय सांगितले आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरे आणि चौथे ही प्रकरणे विशेष महत्त्वाची होत.

दुसऱ्या प्रकरणातील विवेचनाची रीत पाहण्यासारखी आहे. कारभारी वर्ग वाईट आहे, एवढे म्हणून फुले थांबत नाहीत. शेतकऱ्यांतील एखादा साधा तंटा ते घेतात आणि तो तंटा गावच्या कुळकर्ण्यापासून मामलेदाराच्या कचेरीपर्यंत, पोलिसांपर्यंत, वकिलापर्यंत आणि कोर्टापर्यंत कसा चढत जातो हे पायरीपायरीने दाखवितात. प्रत्येक पायरीवर कोणीतरी बसलेला आहे. प्रत्येकाच्या हाती कागद आहे. आणि शेतकऱ्याला तो कागद वाचता येत नाही. जबानी लिहिणारा कारकून काय लिहितो हे जबानी देणाऱ्याला कळत नाही, या एका गोष्टीवर सगळा व्यवहार उभा आहे. लाच ही येथे कोणाच्या चारित्र्याचा अपघात राहत नाही. अक्षरशत्रू रयत आणि लेखी कारभार यांच्यामधल्या जागेत ती नेमाने पिकते. अविद्या हे फुले यांच्या विचारातील मूळ कारण लाचेच्या प्रश्नाशी असे सरळ जोडलेले आहे.

चौथ्या प्रकरणात कलेक्टरच्या मुक्कामावरून हताश होऊन परतणारा, स्वतःशीच बोलत चाललेला एक शेतकरी येतो. मराठी गद्यातील राजकीय उद्वेगाचे हे एक प्रारंभीचे आणि अतिशय प्रत्ययकारी चित्र मानावे लागेल. परंतु फुले त्या उद्वेगावर प्रकरण संपवीत नाहीत. ते वाचकाला त्या शेतकऱ्याच्या घरी नेतात. त्याचे घर, गोठा, भांडीकुंडी, अंगावरचे वस्त्र, पोटात जाणारे अन्न यांची बारकाईने नोंद करतात. उद्वेग शेतकऱ्याच्या मुखी आहे आणि हिशेब निवेदकाच्या हाती आहे. या दोहोंच्या संयोगामुळे शेतकऱ्याचे पुटपुटणे वेडेपणाचे न वाटता साधार वाटू लागते. त्याचा त्रागा हा ज्याचा निष्कर्ष आहे ते सर्व पुरावे वाचकापुढे मांडलेले असतात.

या ग्रंथाची यादीवजा, एकापुढे एक तपशील रचीत जाणारी शैली काही अभ्यासकांना पाल्हाळिक वाटते. तो आक्षेप घेताना हा ग्रंथ ऐकविण्यासाठीही होता हे विसरता कामा नये. फुले यांनी तो ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखविला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो त्यांच्याकडून ऐकला. ज्याच्या घरातील वस्तूंची यादी चालली आहे तोच श्रोता समोर बसलेला असताना यादी पाल्हाळिक राहत नाही. ती साक्ष होते. प्रत्येक वस्तूगणिक श्रोता मनातल्या मनात होकार भरीत असणार, आणि त्या होकारांची बेरीज हाच त्या गद्याचा बांधा आहे.

फुले यांच्या विवेचनाची एक मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे. मधल्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांना ते जातीने ओळखतात. एकोणिसाव्या शतकातील कचेऱ्यांत लेखणी बहुतांशी ब्राह्मणांच्या हाती होती, तेव्हा ही ओळख निराधार नव्हती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषारामाला आणि बेफिकिरीलाही ते मोकळे सोडत नाहीत, हेही ध्यानात घ्यावयास हवे. परंतु विसाव्या शतकात लेखणी धरणारे हात बदलले, आणि तरीही पायऱ्या राहिल्या. याचा अर्थ फुले चुकले असा होत नाही. त्यांनी दाखविलेली यंत्रणा त्यांनी दिलेल्या नावापेक्षा अधिक टिकाऊ ठरली, असा त्याचा अर्थ होतो. आजच्या वाचकाने त्या ग्रंथातून प्रथम उचलावयाची ती ही यंत्रणा होय.

३

'असूड' लिहून झाल्यावर पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, मुंबई इलाख्यात क्रॉफर्ड प्रकरण उद्भवले. मध्य विभागाचे कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांच्यावर हाताखालच्या मामलेदारांकडून बढत्या-बदल्यांसाठी पैसे घेतल्याचा आरोप आला. सरकारने साक्ष देणाऱ्या मामलेदारांना अभयवचन दिले आणि चौकशी आयोग नेमला. लाचेच्या आरोपांतून आयोगाने क्रॉफर्ड यांना मुक्त केले. हाताखालच्या लोकांकडून कर्जाऊ रकमा घेतल्याबद्दल मात्र त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे मामलेदारांना दिलेले अभयवचन पाळावे की नाही यावर वाद माजला, लोकमान्य टिळकांनी मामलेदारांची बाजू हिरिरीने मांडली आणि १८८९ मध्ये त्यासंबंधी कायदाही झाला.

या प्रकरणाचा उल्लेख येथे एका विशिष्ट कारणासाठी केला आहे. त्या काळच्या सार्वजनिक चर्चेचा रोख सरकारच्या वचनभंगावर आणि मामलेदारांच्या भवितव्यावर होता. हा प्रश्न न्याय्य होताच. पण मामलेदाराने कमिशनरला दिलेली रक्कम अखेर कोठून भरून निघत असेल, हा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हता. सुशिक्षितांच्या दृष्टीने साखळी मामलेदारापाशी सुरू होत होती. फुले यांच्या ग्रंथात ती शेतकऱ्याच्या बांधापाशी सुरू होते. एकाच कारभाराच्या या दोन वर्णनांत तपशिलांचा फरक थोडा आणि दृष्टिस्थानाचा फरक फार मोठा आहे. मुंबईची जी मंडई क्रॉफर्ड यांच्या नावाने बांधली गेली तिला पुढे महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. नावे बदलता येतात. दृष्टिस्थान बदलणे अधिक कठीण असते, आणि मराठी साहित्याच्या पुढील इतिहासात याचाच प्रत्यय येतो.

४

अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांनी मराठी राजकीय कादंबरीला नवे वळण दिले, हे सर्वमान्य आहे. लेखक पत्रकार होते, आणि सत्तेच्या दालनात खरोखर काय बोलले जाते याचे त्यांना असलेले ज्ञान पानोपानी जाणवते. मुख्यमंत्र्याला खाली खेचण्यासाठी चाललेले डावपेच, आमदारांची मोजदाद, भांडवलदार, चोरटा व्यापार करणारे, कामगारपुढारी आणि वृत्तपत्रे यांचे एकमेकांत गुंतलेले हितसंबंध या कादंबऱ्यांत प्रथमच एवढ्या तपशिलाने आले. त्यांतील सत्ताधारी हा ढोबळ खलपुरुष नाही. तो हुशार आहे, थकलेला आहे, आणि खुर्ची जाण्याच्या भयाने ग्रासलेलाही आहे. सत्ता ही तीवर बसलेल्यालाही स्वस्थता देत नाही, हे साधू यांचे निरीक्षण मोलाचे आहे, आणि ते फुले यांच्या ग्रंथात नाही.

तथापि या कादंबऱ्यांचे दृष्टिस्थान मंत्रालयाच्या आवारात आहे, आणि त्या निवडीची किंमत कृतीला मोजावी लागते. कामगारपुढारी डिकास्टा हे पात्र याचे उदाहरण म्हणून घेता येईल. त्याच्या मागे हजारो कामगार आहेत असे वाचकाला सांगितले जाते. पण ते हजारो बहुतांशी संख्येच्या रूपानेच येतात. संप झाला तर मंत्रिमंडळ टिकेल काय, हा प्रश्न कथानकाला पुढे नेतो. संप झाला तर चुलीचे काय, हा प्रश्न कथानकाच्या कक्षेत क्वचितच शिरतो. ज्या साली 'मुंबई दिनांक' आली त्याच सुमारास महाराष्ट्र १९७२ च्या भीषण दुष्काळातून जात होता आणि लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. त्या कामांवरची हजेरी, मजुरीचे वाटप आणि धान्याचा पुरवठा या ठिकाणी मंत्रालयातील एकेका निर्णयाचे परिणाम प्रत्यक्ष उतरत होते. कादंबरीने हा विषय घ्यावयासच हवा होता असा आग्रह धरणे रास्त नव्हे. लेखकाने कोणता विषय घ्यावा हे समीक्षकाने ठरवावयाचे नसते. परंतु जी निवड झाली तिचे स्वरूप स्पष्ट करणे हे समीक्षेचे कामच आहे.

या निवडीचा परिणाम कृतीच्या भावस्थितीवर होतो. या दोन्ही कादंबऱ्यांवर आधारलेला जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' हा चित्रपट १९७९ मध्ये आला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. चित्रपटाच्या अखेरीस पत्रकार दिगू टिपणीस याला अनावर हसू फुटते. सर्व डावपेचांनंतर जे घडले ते पाहून त्याच्या बुद्धीचा तोलच जातो. हा शेवट परिणामकारक आहे यात शंका नाही, आणि जे दाखविले गेले आहे त्याची तर्कशुद्ध परिणतीही तीच आहे. पण हे हसू कोणाचे आहे? ते प्रेक्षकाच्या जागी बसलेल्याचे हसू आहे. दिगूने पुष्कळ पाहिले आहे आणि त्याचा भ्रमनिरास पुरता झाला आहे. परंतु या व्यवहारात त्याचा स्वतःचा खाडा झालेला नाही. फुले यांच्या शेतकऱ्याचा त्रागा आणि दिगूचे हसू हे दोन्ही उद्वेगाचेच आविष्कार होत. पहिल्याच्या पाठीशी बुडालेल्या दिवसांचा आणि वाढलेल्या साऱ्याचा हिशेब आहे. दुसऱ्याच्या पाठीशी भंगलेली श्रद्धा आहे. हिशेब तपासता येतो, पुढे मांडता येतो, त्यावरून मागणी करता येते. भंगलेल्या श्रद्धेतून मात्र 'सगळेच सारखे' हा एकच निष्कर्ष निघतो.

'सगळेच सारखे' हा निष्कर्ष तटस्थ वाटतो, पण तसा तो नाही. कामगारपुढारी आणि उद्योगपती, चाललेला आणि विकला गेलेला संप, खरी हजेरी आणि खोटी हजेरी यांतील भेद या निष्कर्षाने पुसला जातो. हा भेद पुसला गेल्याने सुस्थितीतील माणसाचे विशेष काही बिघडत नाही. ज्याला उद्या सकाळी त्याच कारकुनापुढे उभे राहावयाचे आहे त्याचे मात्र बिघडते. कारण त्याला लढण्यासाठी जो नेमका मुद्दा हवा असतो तोच हिरावून घेतला जातो. साधू यांनी हा निष्कर्ष उपदेश म्हणून सांगितला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या दृष्टिस्थानातून तो आपोआप उगवतो, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

५

तिसऱ्या कृतीकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा प्रवास पाहणे उद्बोधक ठरेल. फुले यांच्या गद्यात 'कामगार' हा शब्द येतो तो सरकारी अधिकारी किंवा नोकर या अर्थाने. गोरे कामगार आणि भट कामगार हे तेथे शेतकऱ्याला नाडणारे लोक आहेत. विसाव्या शतकात हाच शब्द गिरणीत राबणाऱ्या माणसाचा वाचक झाला. जो नाडणाऱ्याला लागत होता तो नाडल्या जाणाऱ्याला लागू लागला. या स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर नारायण मेघाजी लोखंडे उभे आहेत. 'असूडा'चे पहिले दोन भाग त्यांच्या 'दीनबंधू' पत्रात छापले गेले. पुढील भाग छापले गेले नाहीत, आणि छापणाऱ्यांच्या भित्रेपणाबद्दल फुले यांनी नाराजी व्यक्त केली. याच लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना संघटित केले, आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळविण्यात त्यांचा वाटा मोठा होता. शेतकऱ्याच्या प्रश्नापासून गिरणीकामगाराच्या प्रश्नाकडे जाणारी वाट अशी मराठी पत्रसृष्टीतूनच गेली आहे.

गिरणीतही पायऱ्या होत्याच. कामावर घेण्याचा अधिकार जॉबरच्या हाती असे आणि त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. १९३१ च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालात या प्रथेची दखल घेतली गेली आहे. फाटकापाशी ताटकळणाऱ्या बदली कामगाराला जॉबर हा गावच्या कुळकर्ण्याचाच नवा अवतार वाटला असल्यास नवल नाही. परंतु जॉबर दिसत होता, त्याचे नाव माहीत होते, त्याच्याविरुद्ध ओरड करता येत होती. १९८२ नंतर गिरणगावात जे घडले त्याला असा चेहरा राहिला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती. कामगार ज्यांच्या मागे गेले त्यांच्याशी बोलणी करण्यास कायदा वाट देत नव्हता. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला. त्यानंतर प्रश्न उरला तो गिरण्यांच्या जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्या जमिनीचे साधारणपणे तीन वाटे योजिले होते : मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी गृहनिर्माण मंडळाला आणि विकासासाठी मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला आणि वाटणी मुख्यतः रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती वाटणीबाहेर गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने या अर्थाच्या विरुद्ध निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि बदल वैध ठरला.

ज्याच्यावर बोट ठेवावे असा लाच घेणारा हात या हकिकतीत शोधण्याची गरज नाही. जे घडले ते नियमाच्या भाषेत घडले. कामगाराच्या दृष्टीने मात्र परिणाम तोच झाला : त्याच्या वाट्याला येऊ शकणारी जागा आटली. फुले यांच्या शेतकऱ्याला कागद वाचता येत नव्हता. गिरणीकामगाराला, किंवा निदान त्याच्या मुलाला, वाचता येत होते. पण नियमातील एका शब्दाचा अर्थ किती एकरांना पुरतो हे वाचता येणे निराळे. अक्षरज्ञानाने जी दरी बुजेल अशी फुले यांची आशा होती ती दरी अधिक वरच्या पायरीवर पुन्हा उघडली होती.

'अधांतर' हे नाटक या हकिकतीच्या मध्यावर, म्हणजे १९९७ मध्ये, लिहिले गेले. त्यात मालक नाही, मंत्री नाही. चाळीतील एक खोली आहे, आणि तीत संपाने कणा मोडलेल्या कामगाराचे कुटुंब आहे. लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटच्या नादात दिवस ढकलणारा मोहन, गुन्हेगारीकडे ओढला गेलेला नरू, बहीण मंजू, गिरणीत उमेद घालविलेला जावई, आणि या सर्वांना एका ताटाभोवती टिकवू पाहणारी आई. बाहेर घडलेल्या राजकारणाचा पत्ता या खोलीला फक्त परिणामांच्या रूपाने लागतो. पूर्वी जो राग गिरणीच्या फाटकावर निघत असे तो आता भावाभावांत, आई-मुलांत निघतो. दोषी माणूस हाताशी नसला की हाताशी असलेला माणूस दोषी ठरू लागतो. उद्वेगाची ही तिसरी अवस्था आहे, आणि ती पहिल्या दोहोंपेक्षा अधिक विदारक आहे.

पवार यांचे सामर्थ्य असे की त्यांनी ही अवस्था भाष्य न करता दाखविली. खाडा येथे एका दिवसाचा राहिलेला नाही. तो आयुष्यभराचा झाला आहे, आणि पुढच्या पिढीकडे वारशाने आला आहे. ज्या मुलांचा हजेरीपटावर कधी आकडाच पडला नाही त्यांचा खाडा कसा मोजावयाचा, हा प्रश्न नाटक उभा करते. मर्यादा सांगावयाची तर ती अशी : बाहेरच्या पायऱ्या नाटकात नसल्यामुळे, गिरणगावाचा इतिहास ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला ही शोकांतिका दैवाची किंवा पात्रांच्या स्वभावदोषांची वाटण्याचा धोका आहे. १९९७ च्या मुंबईकर प्रेक्षकाला तो इतिहास ठाऊक होता. आज पदव्युत्तर वर्गात हे नाटक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तो बहुधा नसतो. त्याच्यापुढे ५८ वा नियम ठेवल्यावाचून नाटकातील आईचा त्रागा पुरता उलगडणार नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. साहित्यकृती ही सरकारी अहवाल नव्हे. तिच्याकडे हिशेब मागणे म्हणजे कलेला जमाखर्चाच्या वहीत कोंबणे होय, असे म्हटले जाईल. कलेसाठी कला की जीवनासाठी कला या फडके-खांडेकर वादापासून हा आक्षेप मराठी समीक्षेला परिचित आहे. परंतु येथे हिशेब मागितला आहे तो कृतीच्या बाहेरचा नव्हे. फुले यांची यादी, साधू यांचे डावपेचांचे जाळे आणि पवार यांची बंद खोली हे तीन रचनाबंध आहेत, आणि प्रत्येक रचनाबंध दृष्टिस्थानातून उद्भवला आहे. यादी करणारा निवेदक घरात शिरलेला असतो; जाळे पाहणारा वर उभा असतो; बंद खोलीतील माणसाला जाळे दिसतच नाही. म्हणजे श्रमजीवी माणूस कोठे उभा आहे हा प्रश्न आशयाइतकाच घाटाचाही आहे. तो विचारल्याने कृतीच्या कलामूल्याला बाध येत नाही. उलट अमुक कृतीचा शेवट हसण्यात का झाला आणि अमुकीचा कलहात का झाला, याचा उलगडा होतो.

तिन्ही लेखकांपैकी एकाचीही कृती स्वयंपूर्ण नाही. फुले यांच्याकडे पायऱ्या आहेत आणि घर आहे, पण वरच्या पायरीवरील माणसाचे अंतरंग नाही. साधू यांच्याकडे ते अंतरंग आहे, पण घर नाही. पवार यांच्याकडे घर आहे, पण पायऱ्या पडद्याआड गेल्या आहेत. या तीन कृती एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचल्या तर जे चित्र दिसते ते एकेकीत दिसत नाही. अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की राजकीय कादंबरी, कामगार रंगभूमी आणि सत्यशोधक गद्य हे निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांत विभागलेले विषय एकत्र आणावे लागतील, आणि त्यांच्यासोबत त्या त्या काळचे कायदे, अहवाल आणि वृत्तपत्रेही वाचावी लागतील.

भ्रष्टाचाराविषयी वैतागाने बोलणे आज सर्वत्र चालते, आणि वैतागणाऱ्याला आपण अन्यायाच्या विरुद्ध उभे आहोत असे समाधानही मिळते. लाच घेणाऱ्याला त्या वैतागाचा उपद्रव होत नाही, आणि खाडा झालेल्या माणसाला त्याचा उपयोगही होत नाही. त्याच्या उपयोगी पडते ती नोंद : कोणत्या पायरीवर, कोणत्या कागदापायी, किती दिवस गेले. १८८३ मध्ये फुले यांनी ती नोंद मराठी गद्यात करून ठेवली. तिची रीत नंतरच्या साहित्यात कोठे चालू राहिली, कोठे खंडित झाली आणि कशामुळे, हा मराठीच्या अभ्यासकांपुढील संशोधनाचा विषय आहे.